पायांनी मोजायचा तालुका

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड गावात फिरायला मोटार लागत नाही. तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, बाजार, एसटीचा थांबा, सगळे पायी गाठता येते. खरा प्रश्न वेशीवर, पर्लकोटा नदीपाशी सुरू होतो. इथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावती फुगली की बाकीच्या दोघींचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते आणि पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल पाण्याखाली जातो. 2019 च्या पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा घडले आणि पाणी बाजारपेठेत शिरले. 2022 आणि 2024 च्या जुलैतही तालुका तुटला. जुन्या पुलाला पर्याय म्हणून उंच पूल बांधायला घेतला गेला. पण तालुक्याचे दळणवळण या एका पुलावर संपत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार तालुक्याची वस्ती सुमारे 36 हजार. ती शंभरावर गावा-पाड्यांत विखुरलेली, आणि बहुतेक माडिया आदिवासी. चारचाकी घरी असणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे इथले जगणे मुळातच गाडीविना चालते. मोहफूल वेचायला, तेंदूपाने तोडायला, आठवडी बाजाराला, लग्नाला, मयतीला माणसे चालतच जातात. मागासलेपणाची खूण म्हणून या चालण्याकडे पाहणे मला मान्य नाही. चार-पाच मैल चालणे इथे कुणाला जड जात नाही. जड जातो तो वाटेतला नाला.

ओझे न्यायची इथली पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. खांद्यावर लवचिक बांबू, त्याच्या दोन्ही टोकांना दोरीच्या शिंक्यांत ओझे. ही कावड. चालणारा पावलाचा ठेका बांबूच्या हेलकाव्याशी जुळवून घेतो आणि न थांबता, चालता चालताच खांदा बदलतो. माणूस आजारी पडला की याच युक्तीने खाट उचलतात. बाजेला दोर बांधायचे, ते जाड बल्लीला अडकवायचे, पुढे-मागे माणसे लावायची आणि बदलीला आणखी चार-सहा जण सोबत घ्यायचे. नाल्यात पाणी छातीशी आले की बाज डोक्यावर धरतात. मोठ्या नदीला डोंगा लागतो. एकाच झाडाचे खोड कोरून केलेली ही होडी बांबूच्या काठीने रेटत नेतात.

2020 च्या पावसाळ्यात लाहेरीपलीकडच्या डोंगरातली एक गरोदर बाई वीसहून अधिक किलोमीटर चालत लाहेरीला आली. तिथून तिला रुग्णवाहिकेने हेमलकशाला नेले आणि बाळंतपण सुखरूप झाले. परतताना लाहेरीनंतरची वाट ती बाळाला घेऊन पुन्हा चालली. बातम्यांत तिच्या धैर्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण रुग्णवाहिका होती, दवाखाना होता, डॉक्टर होते. नव्हती ती फक्त मधली वाट. आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त गरोदर बाईने आधीच येऊन राहावे, ही योजना याच अडचणीतून आली.

ती बाई जिथे बाळंत झाली तो हेमलकशाचा दवाखाना लोकबिरादरी प्रकल्पाचा. हा प्रकल्प बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा पावसाळ्यात महिनोन्‌महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा निघाला. आज आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा असा राष्ट्रीय महामार्ग भामरागडला येतो. पण महामार्ग सोडून आत वळले की तीच जुनी पायवाट सुरू होते.

या आतल्या भागात खरा फरक पाडते ती एसटी. 1 जानेवारी 2025 रोजी शेजारच्या एटापल्ली तालुक्यात गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या 32 किलोमीटरच्या रस्त्यावर पहिल्यांदा बस धावली. त्याच वर्षी जुलैत अबूझमाडच्या पायथ्याच्या मरकणार गावाहून अहेरीला बस सुरू झाली. नक्षलवाद्यांच्या दहशतीमुळे इथे वर्षानुवर्षे रस्त्याची कामे रखडली, ठेकेदारांची यंत्रे जाळली गेली. ती कोंडी आता फुटते आहे. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींसाठी बसगाड्या आणि सायकली मिळतात. मात्र दिवसातून एकदाच येणारी बस गावाला बाजारापर्यंत नेते, परत आणतेच असे नाही. संध्याकाळची मुक्कामी गाडी असेल तरच दवाखान्याचे काम एका दिवसात उरकते.

चालणे मोजण्याचा एक नमुना स्पेनमध्ये आहे. तिथे पोंतेवेद्रा नावाचे ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचे शहर आहे. पेशाने डॉक्टर असलेले मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस 1999 मध्ये तिथे महापौर झाले आणि त्यांनी शहराच्या मध्यभागातून मोटारी हटवल्या. पुढे त्या पालिकेने चालणाऱ्यांसाठी एक नकाशा काढला. दिसायला मेट्रोच्या नकाशासारखा, पण त्यावर दोन ठिकाणांमधले अंतर पायी लागणाऱ्या मिनिटांत लिहिलेले. अनेक शहरांनी तो उचलला. तिथे लोकांना गाडीतून उतरवण्यासाठी ही खटपट करावी लागली. भामरागडची माणसे चालतच आहेत, त्यांच्या चालण्याची नोंद मात्र कुठल्याच नकाशावर नाही. सरकारी तक्त्यात गावापुढे दवाखान्याचे अंतर एकाच आकड्यात असते. तो आकडा मे महिन्यातही तोच आणि ऑगस्टमध्येही तोच. नाल्याला पाणी असताना सहा किलोमीटरांना दोन तास लागतील की दोन दिवस, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून प्रत्येक गावापुढे चार ठिकाणांचे आकडे हवेत: दवाखाना, शाळा, रेशन दुकान आणि एसटीचा थांबा, पायी किती वेळ, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती. त्यासाठी उपग्रह लागत नाही. आशाताईंना, अंगणवाडी सेविकांना, पाड्यावरच्या कुणालाही हे तोंडपाठ असते. दोन ऋतूंतला फरक जिथे सर्वांत मोठा, तिथला नाला आधी बांधायचा. मोटारीचा पूल परवडत नसेल तर माणूस, सायकल आणि खाट जाईल एवढा साकव तरी घालायचा.

भामरागड तालुक्यातल्या ग्रामसभांनी येत्या उन्हाळ्यात ही यादी करावी, आणि जिल्हा नियोजन समितीने पुढच्या वर्षीच्या पुलांची कामे ती समोर ठेवूनच मंजूर करावीत.