संतमस : एक दूरचा महाग्रह



उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली यंत्रे आजही पाहावयास मिळतात. त्यांतील सम्राट यंत्रात दुर्बीण नाही. आहे ती एक तिरकी भिंत आणि तिची छाया. छाया कोठे पडली ते मोजावयाचे आणि त्यावरून वेळ ठरवावयाची. अतिदूरच्या ग्रहांचे ज्ञानही बहुधा असेच मिळते. ग्रह दिसत नाही; त्याची खूण मोजावी लागते.

षडंश तारकासमूहात, सुमारे ३४० प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. आज आपणांस पोहोचणारा त्याचा प्रकाश तेथून निघाला तो जयसिंहाच्या जन्माच्या सुमारास! २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने भारतातून आलेल्या सूचनांवरून त्यास पदार्थविज्ञानाच्या संशोधिका बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ 'बिभा' हे नाव दिले. त्याच्या ग्रहाचे नाव ठरले 'संतमस', म्हणजे झाकोळलेला. ते सुचविले पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने.

हा ग्रह २००६ साली सापडला. तो ताऱ्याभोवती फिरताना ताऱ्यासही किंचित ओढतो. त्यामुळे तारा कधी आपल्याकडे, तर कधी आपल्यापासून दूर, सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने सरकतो आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषाही मागेपुढे होतात. या हेलकाव्यावरून दोन गोष्टी निश्चित कळतात. संतमसचे वर्ष अवघ्या सव्वादोन दिवसांहूनही लहान आहे. आणि त्याचे वस्तुमान निदान गुरूच्या दीडपट, म्हणजे सुमारे पावणेपाचशे पृथ्वींइतके आहे.

पुढचे सारे अनुमान होय. वर्ष इतके लहान, त्या अर्थी ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ असला पाहिजे. पृथ्वी व सूर्य यांतील अंतराच्या विसाव्या भागाहूनही ते अंतर कमी आहे. तेथील आकाशात तारा आपल्या सूर्याच्या पंचवीसपटींहून रुंद दिसेल. उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या वर असेल. ग्रहाची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे राहत असावी. एकीकडे न मावळणारा दिवस, दुसरीकडे न सरणारी रात्र, आणि या दोहोंमध्ये प्रचंड वारे. पाय ठेवावयास जमीन नाही. गुरूप्रमाणे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम; खाली जावे तसतसा वायू दाट होत जातो. अशा उष्ण वातावरणात ढग असलेच, तर ते पाण्याचे नसून खनिजांच्या सूक्ष्म कणांचे असतील.

अशा ग्रहांची रंगीत चित्रे पुस्तकांत छापली जातात आणि मुले ती छायाचित्रे समजतात. संतमसचे छायाचित्र अद्याप कोणीही घेतलेले नाही. म्हणून एखाद्या मुलाने "हे कोणी पाहिले?" असे विचारले, तर त्यास गप्प बसवू नये. मोजलेले कोणते आणि तर्काने जाणलेले कोणते, हे त्यास वेगळे करून सांगावे. ज्या मुलाला हा भेद कळला, त्यास विज्ञानाचा पहिला धडा मिळाला.