दर महिन्याला दुखणारी टाक्याजवळची गाठ

आजचा एपिसोड पाळीबद्दल आहे. मुलांनो, तुम्हीही ऐका, स्किप करू नका.

माझ्या ताईचं सिझर होऊन तीन वर्षं झाली होती. टाक्याच्या कडेला सुपारीएवढी गाठ हाताला लागायची. कुणी म्हणालं टाका आत राहिलाय, कुणी म्हणालं हर्निया. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. आठवड्याभरात दुखणं थांबायचं, वाटायचं गोळीनं गुण आला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच!

आमच्या कामात मधूनच उगवणारा बग असला की आधी त्याची वेळ नोंदवतात. मी म्हटलं, "ताई, फोनमध्ये तारखा लिही ना." तीन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. दुखणं पाळीच्या आदल्या दिवशी सुरू, पाळी संपली की बंद. ती यादी बघून स्त्रीरोगतज्ज्ञांनी लगेच शंका घेतली: एंडोमेट्रिओसिस.

म्हणजे काय? गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलतीकडे वाढतात आणि हार्मोन्सच्या तालावर सुजतात. बहुतेकींना हे ओटीपोटात होतं. पण सिझरच्या वेळी काही पेशी जखमेत रुजू शकतात. बेंबीतही गाठ होते, व्हिलार यांनी ती १८८६ सालीच नोंदवली. क्वचित छातीतही होतं. मग पाळी सुरू होण्याच्या आसपास, साधारण ७२ तासांत, फुफ्फुसाभोवती हवा साठते, बहुधा उजवीकडे. अचानक छातीत दुखून धाप लागली तर तारखा लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तपासणी कशी? आधी सोनोग्राफी, गाठ किती खोल आहे ते बघायला एमआरआय. पक्कं उत्तर मात्र गाठीचा तुकडा तपासल्यावरच मिळतं. हार्मोनच्या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण टाक्यातली गाठ सहसा जात नाही. म्हणून ती भोवतीच्या साधारण एक सेंटिमीटर निरोगी भागासकट काढतात. खड्डा मोठा पडला तर जाळी बसवतात. काहींना ती परत होते, त्यामुळे नंतरही लक्ष ठेवावं लागतं.

प्रत्येक गाठ हीच असते असं नाही, आणि दुखणं दर वेळी पाळीशी जुळेलच असंही नाही. पण जुळत असेल तर डॉक्टरांना तारखा दाखवा.

ताईची गाठ निघाली. ती एवढंच म्हणाली, "तीन वर्षं मला वाटत होतं, मीच नाजूक आहे."

तुमच्या घरात कुणाला असं वाटतंय का, आज विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!