बारा जणांचं ‘नाही’

गुन्हा आरोपींनी स्वतःच पुस्तक छापून कबूल केलेला. कायद्यात बसेल असा बचाव यांच्यापाशी नाही, असं न्यायाधीशांनी ज्यूरीला बजावलेलं. तरीही जून १९९१ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात ज्यूरीने सांगितलं, निर्दोष! माझं आयुष्य फौजदारी वकिलीत गेलं. इतका धाडसी निकाल मला दुसरा आठवत नाही.

मूळ प्रकरण जॉर्ज ब्लेकचं. ब्रिटिश हेरखात्यात राहून तो सोव्हिएत संघाला गुपितं पुरवत होता. १९६१ मध्ये त्याला ४२ वर्षांची कैद झाली. चौदा-चौदा वर्षांच्या तीन शिक्षा, एकीमागून एक भोगायच्या. वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात त्याला मायकेल रँडल आणि पॅट पॉटल भेटले. हे अण्वस्त्रविरोधी कार्यकर्ते, हवाई तळावरच्या निदर्शनांपायी दीड वर्षाची शिक्षा झालेले. ब्लेकची हेरगिरी त्यांना मुळीच मान्य नव्हती. पण ४२ वर्षं त्यांना अमानुष वाटली, आणि मलाही वाटतात.

२२ ऑक्टोबर १९६६ ला शॉन बर्क या त्यांच्या तुरुंगातल्या सोबत्याने भिंतीवरून दोराची शिडी टाकली. तिच्या पायऱ्यांना विणकामाच्या सुयांचा आधार होता. खाली पडताना ब्लेकचं मनगट मोडलं. डिसेंबरात रँडलने त्याला गाडीतल्या चोरकप्प्यात लपवून पूर्व जर्मनीत पोचवलं. सोबत रँडलची बायको आणि दोन लहान मुलं!

१९८९ मध्ये रँडल आणि पॉटलचं या पलायनावरचं पुस्तक आलं. शंभराहून अधिक खासदारांनी खटला भरण्याची मागणी केली. कोर्टात दोघांनी वकील न घेता आपली बाजू मांडली. आम्ही हे केलं आणि ते योग्यच होतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

ज्यूरीला कारणं द्यावी लागत नाहीत. तिने सोडलेल्याविरुद्ध सरकारला अपीलही नव्हतं. हा हक्क फुकट मिळालेला नाही. १६७० मध्ये विल्यम पेनला दोषी ठरवायला नकार देणाऱ्या ज्यूरीला उपाशी कोंडलं होतं, दंडही केला होता. त्यांच्या धैर्याची पाटी ओल्ड बेलीत आहे.

आपल्याकडे १९५९ च्या नानावटी खून खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. ते योग्यच झालं. मुंबईची ज्यूरी लोकप्रिय नौदल अधिकाऱ्याच्या बाजूने वाहवली होती. लंडनच्या ज्यूरीपुढे मात्र देशद्रोह्याला पळवणारे दोघे उभे होते. त्यांना सोडून कुणाची वाहवा मिळणार नव्हती.