डॉक्टर व्हायचंय, मग अकरावीत गणित ठेवायचं की सोडायचं?

सोलापूर : अकरावी सायन्सला प्रवेश घेताना पहिला प्रश्न येतो, पीसीबी की पीसीएमबी? ‘गणित असू दे, इंजिनिअरिंगचा मार्ग खुला राहील,’ असा सल्ला घरोघरी मिळतो. पण त्याची किंमत अभ्यासाच्या तासांत मोजावी लागते.

नीटला काय लागतं?
सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह देशभर एमबीबीएसचा प्रवेश नीटवरच होतो. ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीला, फिजिक्स आणि केमिस्ट्रीला प्रत्येकी १८०. गणिताला शून्य. बारावीची पात्रताही पीसीबीच्या गुणांवर ठरते.

गणित ठेवलं तर?
बोर्ड, नीट आणि एमएचटी-सीईटीचे पीसीएम, पीसीबी असे दोन वेगळे पेपर. म्हणजे एकाच वर्षात चार तयाऱ्या.

सोडलं तर?
इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखा बंद होतात. बीएएमएस, बीएचएमएस, फार्मसी खुल्या राहतात. मात्र फिजिक्ससाठी त्रिकोणमिती, लॉग, व्हेक्टर शिकावेच लागतात. शिवाय बहुतेकांना गणिताच्या जागी दुसरा विषय घ्यावा लागतो.

कसं ठरवाल?
नीटमध्ये अपेक्षित गुण नाही मिळाले, तर खरंच इंजिनिअरिंग करणार का? उत्तर ‘हो’ असेल तर गणित ठेवा. ‘कोण जाणे, लागलं तर’ एवढंच कारण असेल, तर ते तास बायोलॉजीला द्या. निर्णय पहिल्या घटक चाचणीनंतर तपासा. विषय बदलण्याची मुदत कॉलेजात आधीच विचारून ठेवा.