बाळ निजावे कुठे?

गेल्या पौषात आमच्या घरी, गोंदियास, धाकट्या भावाला मुलगा झाला. मूल वजनाने कमी. आई म्हणाली, “लेकरू आईच्या कुशीतच हवं, नाहीतर गारठेल.” भावजय म्हणाली, “आई, झोपेत माझं अंग पडलं तर?” निवाडा माझ्याकडे आला. मराठीच्या प्राध्यापकाने काय निवाडा द्यावा? मी आपला वाचत बसलो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 साली सांगितले की, बाळ निदान सहा महिने आईच्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट, घट्ट गादीवर उताणे निजवावे. उलट, जेम्स मॅकेना हे मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात, अंगावर पिणाऱ्या बाळाने आईजवळ निजणे हाच निसर्गक्रम. मात्र एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे एकमत आहे : आईबाप धूम्रपान करणारे असतील, किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असेल, तर एका अंथरुणात धोका फार वाढतो. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणे तर सर्वांत वाईट.

विड्या वळणाऱ्या आमच्या गावात भाऊही विडीबहाद्दर! निवाडा सोपा झाला. पाळणा भावजयीच्या खाटेला लागून, ऊब द्यायची ती जागेपणी छातीशी धरून, आणि भाऊ ओसरीवर.

आईने विचारले, “हात पोचतो ना पाळण्याशी? मग झालं.”

भावाची विडी अजून सुटलेली नाही, ओसरीही नाही!