महामारीत कलावंतांना कंपन्यांचा आधार : कायदा आणि व्यवहार

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. शहरी वाचकाला हा निव्वळ योगायोग वाटेल. तमाशाच्या फडांसाठी मात्र तो वर्षाच्या कमाईवर पडलेला घाला होता. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिटीचे लोक तेथे येऊन सुपाऱ्या ठरवितात आणि पुढे बुद्धपौर्णिमेपर्यंत जत्रांचा हंगाम चालतो. या हंगामाच्या भरवशावर फडमालक कर्ज काढतो आणि कलावंत त्याच्याकडून ‘उचल’ घेतो. जत्रा रद्द झाल्या. कर्ज आणि उचल मात्र डोक्यावर राहिली. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच संध्याकाळी राज्यात नव्या निर्बंधांची घोषणा झाली आणि दुसराही हंगाम हातचा गेला. आपल्या वसईकडे लग्नांत आणि सणांच्या मिरवणुकीत वाजविणाऱ्या बँडवाल्यांची स्थिती याहून फार वेगळी नव्हती.

अशा वेळी कंपन्यांनी काय करावे, हा प्रश्न केवळ दानशूरपणाचा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत वा त्यापुढे जातो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. कोणत्या कार्यावर, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. आरोग्य, शिक्षण आणि आपत्तिनिवारण यांच्याबरोबरच पारंपरिक कला व हस्तकलांचे संवर्धन हेही त्या यादीत स्पष्टपणे नमूद आहे. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

२३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने परिपत्रक काढून कोरोनाविषयक खर्च सामाजिक कार्यात धरला जाईल, असे जाहीर केले. त्यानंतर १० एप्रिलच्या खुलाशात एक महत्त्वाची रेषा आखली गेली : टाळेबंदीच्या काळात आपल्याच कामगारांना दिलेले वेतन हे मालकाचे नैतिक कर्तव्य असून ते या खर्चात धरता येणार नाही. हा खुलासा आम्हाला योग्य वाटतो. स्वतःच्या माणसांचे देणे भागविणे आणि समाजाला हात देणे ही दोन वेगळी खाती आहेत.

प्रत्यक्षात मदत कोणापर्यंत पोहोचली? चित्रपटसृष्टीचे उदाहरण बोलके आहे. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरण थांबल्यावर रोजंदारीवरील कामगारांसाठी अमिताभ बच्चन यांनी एक लाख कुटुंबांना महिन्याचे धान्य देण्याचे ठरविले, तेव्हा सोनी पिक्चर्स नेटवर्क्स इंडिया आणि कल्याण ज्वेलर्स या कंपन्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. नेटफ्लिक्सने निर्मात्यांच्या संघटनेच्या मदतनिधीला साडेसात कोटी रुपये दिले. ही मदत लवकर उभी राहिली, कारण या कामगारांच्या संघटना होत्या आणि संघटनांकडे सभासदांची यादी होती. फडातील ढोलकीवाला किंवा नाच्या यांची नावे असतात ती फडमालकाच्या वहीत. मुंबईतील कंपनीच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला ती वही कोठून दिसणार?

धान्याची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु धान्याने उचल फिटत नाही, आणि कलावंताला हवे असते ते काम. या दृष्टीने परदेशातील एक उदाहरण आम्हाला विशेष वाटते. बँडकॅम्प ही इंटरनेटवर संगीत विकणारी अमेरिकन कंपनी. गायक-वादकांच्या डिजिटल विक्रीतून ती सामान्यतः १५ टक्के वाटा घेते. २० मार्च २०२० या एका दिवसापुरता तिने आपला वाटा सोडला आणि तसे जाहीर केले. त्या दिवशी रसिकांनी सुमारे ४३ लाख डॉलरची खरेदी केली, म्हणजे नेहमीच्या शुक्रवारच्या साधारण पंधरापट. कंपनीने सोडला तो फक्त स्वतःचा वाटा. उरलेले काम रसिकांनी केले आणि पैसा कलावंताला त्याच्या कलेचे मोल म्हणून मिळाला. मे २०२० पासून हा उपक्रम महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पुन्हा राबविला गेला.

आपल्याकडे हेच तत्त्व वेगळ्या रीतीने आणता येते. कंपनी पुढील वर्षीच्या कार्यक्रमाची सुपारी आजच देऊन संपूर्ण मानधन आगाऊ चुकते करू शकते. भेटवस्तूंसाठी पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकारांकडे मागणी नोंदविता येते. अर्थात हे खर्च नेहमीच्या व्यवसायाच्या खात्यातून करावे लागतील. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेले प्रायोजकत्व सामाजिक खर्चात बसत नाही. व्यासपीठामागे कंपनीचा भला मोठा फलक लावून तोच खर्च समाजकार्य म्हणून दाखविण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

दुसरी अडचण मध्यस्थाची आहे. कंपनी हे काम स्वतः करू शकते. पण दुसऱ्या संस्थेमार्फत करावयाचे तर ती संस्था सामान्यतः नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी असावी लागते. तिला आयकर खात्याची १२ए व ८०जी ही प्रमाणपत्रे लागतात, किमान तीन वर्षांच्या कामाची नोंद लागते आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडेही नाव नोंदवावे लागते. फडाला किंवा गावातील बँडपथकाला हे जमणे कठीण. त्यांच्या वतीने अशी एखादी संस्था उभी राहिली, तरच कंपनीचा धनादेश त्यांच्यापर्यंत येतो. त्या संस्थेकडे प्रत्येक वादकाचे नाव, वाद्य आणि बँक खात्याचा क्रमांक यांची अद्ययावत यादी असावी, आणि ती सुगीच्या दिवसांतच तयार करून ठेवलेली असावी. टाळेबंदी लागल्यावर घरोघर फिरून ती करता येत नाही.