खांबांमधले अंतर
बेंगळूरुत २० ऑक्टोबर २०११ रोजी मेट्रो धावू लागली, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीवर वावरणारा माझा एक मित्र तिचा चाहता आहे. लिफ्टने फलाट गाठता येतो, कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. पंचाईत होते ती स्थानकाबाहेर. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून खांब रोवले आहेत. दुचाकीस्वार त्यांना वळसा घालतातच. अडते ती याची खुर्ची. परवा तो भर रस्त्यात बसगाड्यांमधून गेला आणि मी मागोमाग, जीव मुठीत धरून.

दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये सरली. दुखण्याचे एक मूळ सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात दाखवले: नियम १५ मधील निकष नुसते शिफारशीवजा होते. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक निकष आखण्यास सांगितले.

दिल्लीतला निकाल आमच्या गल्लीतल्या खांबापर्यंत कसा पोहोचणार, हा मित्राचा प्रश्न. त्याने टेपने अंतर मोजून तक्रारअर्ज लिहिला. कार्यालयाला पाच पायऱ्या आहेत, म्हणून तो द्यायला मी गेलो.